पन्नास हर्ट्झचा हात, साठ हर्ट्झचा पेपर

मे महिन्यात रत्नागिरीत कुणी कुणाच्या घरी आंबे घेऊन जात नाही. ज्याच्या त्याच्या घरी अढी लागलेलीच असते. त्यामुळे ती हापूसची पेटी घेऊन दारात उभी राहिली तेव्हाच ओळखलं, काम अवघड आहे. पेटी पडवीत ठेवली, ओढणीने घाम पुसला आणि म्हणाली, "काकू, नापास झाले."

परीक्षा ईईजी तंत्रज्ञांची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख काढणाऱ्यांची. अमेरिकेत १९६४ साली स्थापन झालेलं अब्रेट नावाचं मंडळ ती घेतं. पास झालात की नावापुढे नोंदणीकृत ईईजी तंत्रज्ञ असं लावता येतं. मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ३४ वर्षं हेच काम केलं आणि निवृत्त होऊन गावी आले. ही परीक्षा मी स्वतः कधी दिली नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. तिच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. तिचं नाव, रुग्णालयाचं नाव आणि रुग्णांची ओळख पटेल असं सगळं गाळलं आहे.

परिस्थिती

तिचं वय ३१. रत्नागिरीतल्या एका खासगी रुग्णालयात आठ वर्षं ईईजीचा विभाग ती एकटी सांभाळते. न्यूरॉलॉजिस्ट आठवड्यातून दोनदा आंबा घाट उतरून कोल्हापूरहून येतात. बाकीच्या दिवशीचे आलेख त्यांना नेटवरून जातात. बंगळुरूचं निम्हान्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा अशा ठिकाणी या विषयाचं रीतसर शिक्षण मिळतं, पण बीएस्सी झाली त्या वर्षी वडिलांची होडी गेली आणि शिकायला बाहेर पडणं राहून गेलं. आधीच्या तंत्रज्ञाने नोकरी सोडताना तीन आठवडे तिला शेजारी उभं केलं, इलेक्ट्रोडची, म्हणजे डोक्याला टेकणाऱ्या विजेच्या चकत्यांची, टोपी कशी चढवायची आणि कुठलं बटण कधी दाबायचं ते दाखवलं, आणि तो पुण्याला गेला. तेवढ्या शिदोरीवर आठ वर्षं.

भाऊ कुवेतला. त्याने तिकडच्या एका रुग्णालयाची जाहिरात पाठवली, त्यात नोंदणीकृत तंत्रज्ञाला प्राधान्य होतं. तिने अर्ज भरला, डॉलरमधली फी भावाने भरली. मग तयारी. कुणीतरी दिलेला बाराशे प्रश्नांचा संच तिने मोबाइलवर घेतला आणि रोज रात्री दहा ते बारा पाठ केला. उत्तरांचे अनुक्रमांकसुद्धा तिला पाठ होते. परीक्षेत त्यातला एकही प्रश्न तसाच आला नाही.

"आता किती प्रश्नांचा संच घेऊ?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, संच राहू दे. सोमवारी सकाळी तुझ्या खोलीत येऊन बसते.

एक सोमवार

पहिला रुग्ण राजापूरकडचा, नऊ वर्षांचा मुलगा. झोपमोड करून आणायला सांगितलं होतं, म्हणजे रात्री उशिरापर्यंत जागवायचं आणि पहाटे लवकर उठवायचं. तसं केलं की मूल तपासणीच्या वेळी झोपतं, आणि काही दोष झोपेतच दिसतात. आईने रात्रभर जागवलं होतं. पण पहाटेच्या एसटीत बसल्या बसल्या पोराने दोन तास छान झोप काढली आणि उतरला तो टवटवीत होऊन. हिने आईला एकच प्रश्न विचारला, "गाडीत झोपला काय?" आणि लगेच क्रम बदलला. आधी जागेपणीचं सगळं उरकलं, दिवे मालवले, आईला त्याच्या केसांतून हात फिरवायला लावलं. अर्ध्या तासाने पडद्यावर झोपेच्या तर्कुलहरी, स्पिंडल म्हणतात त्या, दिसायला लागल्या. पुस्तकात हे लिहिलेलं नसतं. तिचा हात चांगला होता, हे मला पहिल्या तासात कळलं.

दुसरी एक आजी. केस चापूनचोपून बसवलेले, तेलाने चमकत होते.

"आजी, केस धुवून या म्हटलं होतं ना?"

"धुतलं की काल. मग वाईच त्याल लावलं. रुक्कं डोस्कं घेऊन डाक्टरकडं कसं यायचं?"

हिने हसून कापसाने भांगाभांगातलं तेल टिपलं, टोपी चढवली, सिरिंजने जेल भरलं. पडद्यावर इलेक्ट्रोडचे ठिपके लाल होते ते एकेक करून हिरवे झाले. नोंद सुरू केली. डावीकडच्या एका वाहिनीत, म्हणजे आलेखाच्या एका रेघेत, जाड, काळी, केसाळ पट्टी. तिचं बोट आपोआप नॉच फिल्टरच्या, म्हणजे विजेच्या लाइनीची लाट गाळणाऱ्या, बटणावर गेलं आणि पट्टी नाहीशी झाली.

"ते का दाबलंस?"

"लाइनीचा आवाज होता."

"एकाच वाहिनीत का होता?"

ती गप्प. तशी ती त्या दिवशी सात-आठ वेळा गप्प झाली. ठिपका हिरवा म्हणजे काय? टोपी मध्यम मापाचीच का? पडद्यावर सात आकडा आहे तो कसला? प्रत्येक वेळी तिने केलं होतं ते बरोबर, किंवा चालून जाण्यासारखं होतं. पण का केलं हे तिला सांगता येत नव्हतं, कारण आठ वर्षांत ते कुणी विचारलंच नव्हतं. परीक्षा मात्र तेवढंच विचारते.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, तुझ्या पेपरातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न तुझ्या खोलीत पाटावर येऊन बसून गेलाय. बाराशे प्रश्न पाठ करण्यापेक्षा कुठला प्रश्न कुठल्या रुग्णाच्या डोक्यावर होता ते शोधूया.

तराजू

सगळ्यात जास्त वेळ आम्ही विभेदी वर्धकावर घालवला, म्हणजे डिफरेन्शियल अँप्लिफायरवर. नाव ऐकूनच माणूस पुस्तक मिटतो. तिची आई मिरकरवाड्याला मासे विकते, म्हणून मी तराजू काढला.

यंत्राच्या प्रत्येक वाहिनीला दोन पारडी असतात. पहिल्यात एका इलेक्ट्रोडचा विद्युतदाब, दुसऱ्यात दुसऱ्याचा. यंत्र वजन सांगत नाही, फक्त फरक सांगतं. काटा मधोमध उभा असेल तर पारडी रिकामी असतील, किंवा दोन्हीकडे पाच-पाच किलो सुरमई असेल. दुरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच. आलेखात सरळ रेघ दिसली म्हणजे तिथे मेंदू काम करत नाही असं मुळीच नाही. दोन्ही इलेक्ट्रोडखाली एकच गोष्ट चालू असेल तरी रेघ सरळच येते.

हे तिला एका दमात कळलं, आणि मग एकामागून एक गाठी सुटत गेल्या.

आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास लाटांची. भिंतीतल्या तारांची, पंख्याची, ट्यूबलाइटची गुणगुण रुग्णाच्या अंगावर सतत पडत असते. दोन्ही इलेक्ट्रोडवर ती सारखीच पडते, म्हणून दोन्ही पारड्यांत सारखं वजन येतं आणि ते कटतं. पण एका इलेक्ट्रोडखाली खोबरेल राहिलं असेल तर तिथला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, दोन पारडी असमान होतात आणि गुणगुण कटायची थांबते. आजींच्या डोक्यावर हेच झालं होतं. एकाच वाहिनीत पट्टी आली तर तिथला इलेक्ट्रोड उचलून परत लावायचा. सगळ्याच वाहिन्यांत आली तर ग्राउंडचा इलेक्ट्रोड बघायचा, आणि तो ठीक असेल तर खोलीकडे बघायचं. नॉच दाबला की पट्टी जाते, पण तेल तिथेच राहतं.

खोलीकडे बघायची वेळ खरंच आली. दरवर्षी मेमध्ये तिच्या सगळ्याच वाहिन्या गुणगुणायच्या आणि जुलैत आपोआप शांत व्हायच्या. तिला वाटायचं यंत्रालाच पावसाळा मानवतो. आम्ही मागच्या बाजूला जाऊन अर्थिंगचा खड्डा पाहिला. जांभ्या दगडात खणलेला, कोरडा ठक्क. जांभ्यात पाणी टिकत नाही. उन्हाळ्यात माती सुकली की जमिनीला मिळणारी वाट बंद होते. पावसात ती मोकळी होते. देखभालीच्या माणसाने सांगितलं, पूर्वी कुणीतरी उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं, तो निवृत्त झाला.

आता उलटी बाजू. इलेक्ट्रोडचा रोध जास्त नको हे तिला पाठ होतं. फारच कमी असला तर? ती म्हणाली, मग तर छानच. हा तिचा सगळ्यात पक्का गैरसमज होता, आणि कोकणात तो महागात पडतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात कपाळावरून घाम ओघळतो, वरून जेल सढळ हाताने भरलेलं. दोन शेजारच्या इलेक्ट्रोडमध्ये घामाचा आणि जेलचा ओहोळ तयार होतो. याला सॉल्ट ब्रिज म्हणतात. विजेच्या दृष्टीने ते दोन इलेक्ट्रोड एकच झाले. दोन्ही पारडी एकाच साखळीला बांधलेली, काटा हलणार कसा? दोन्ही ठिपके हिरवे असतात, त्यांच्यामधली वाहिनी मात्र सपाट पडते. डॉक्टर कोल्हापुरात बसून तो आलेख वाचणार आणि त्यांना वाटणार, या भागात काहीतरी बिघडलंय.

तिने जुन्या फाइली काढल्या. मागच्या ऑक्टोबरमधल्या दोन आलेखांत कपाळावरची एक वाहिनी सपाट होती. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग उठून पंखा बंद केला आणि एसी लावला, त्यावेळी खोलीत रुग्ण नव्हता तरी.

घामाची दुसरी खूण तिला आधीच ओळखता येत होती: अर्ध्या हर्ट्झच्याही खालच्या, लांबच लांब, झुलणाऱ्या लाटा. तिने त्यांना मनात "होडी" असं नाव दिलं होतं. परीक्षेत होडी चालत नाही, पण ओळख पक्की असली की इंग्रजी नाव चिकटवायला किती वेळ लागतो?

तराजूवरूनच दिशा आली. संकेत असा की पहिलं पारडं दुसऱ्यापेक्षा जास्त ऋण असेल तर रेघ वर जाते. एफ-४, एफपी-२, सी-४ ही डोक्यावरच्या इलेक्ट्रोडच्या जागांची नावं. समजा एफ-४ वर उणे १०० मायक्रोव्होल्ट आहे, एफपी-२ वर उणे ४०, सी-४ वर उणे ६०. एफपी-२ ते एफ-४ या वाहिनीत पहिलं पारडं कमी ऋण, म्हणून रेघ खाली, ६० ने. एफ-४ ते सी-४ मध्ये पहिलं जास्त ऋण, म्हणून वर, ४० ने. वरची रेघ खाली आणि खालची वर, दोघी एकमेकींकडे तोंड करतात, आणि जिथे तोंडं मिळतात तो इलेक्ट्रोड एफ-४. तिने अशी गणितं वहीत दीडशेच्या वर सोडवली. शेवटी शेवटी ती मला आकडे बदलून फसवायला लागली.

टेप आणि पेन्सिल

१९५८ साली हर्बर्ट जास्पर यांनी मांडलेली दहा-वीस पद्धत आजही या कामाचा पाया आहे. नाकाच्या मुळाशी असलेल्या खळग्यापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायची, आणि त्या लांबीच्या दहा, वीस, वीस, वीस, वीस, दहा टक्क्यांवर खुणा करायच्या. ३५ सेंटिमीटर भरलं तर साडेतीनवर पहिली खूण, मग साडेदहा, साडेसतरा, साडेचोवीस, साडेएकतीस. कानापासून कानापर्यंत तसंच. घेर ५४ असेल तर एफपी-१ मध्यरेषेपासून २.७ वर, पुढचे चार ५.४ च्या अंतराने, आणि ओ-१ पासून मागची मध्यरेषा पुन्हा २.७ वर. बेरीज २७, म्हणजे अर्धा घेर. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी टेप सरकली. डावीकडचे आकडे विषम, उजवीकडचे सम.

तिच्याकडे मध्यम मापाची एकच टोपी होती, तीन वर्षांच्या पोरालाही तीच आणि सुतारकाम करणाऱ्या गड्यालाही तीच. मी तिला शिवणाची टेप आणि खुणा करायची मेणाची पेन्सिल दिली आणि सांगितलं, घरातल्या प्रत्येकाचं डोकं मोज. आई, शेजारीण, शेजारणीची तीन पोरं. गणपतीत मुंबईहून आलेले सतरा चाकरमानी तिने पडवीत रांगेने बसवून मोजले. एका काकांनी विचारलं, फेटा शिवतेस काय?

अभ्यास गणपतीत बंद पडेल असं मी गृहीत धरलं होतं. त्या आठवड्यात ती सगळ्यात जास्त शिकली.

टेपचा उपयोग सप्टेंबरच्या शेवटी दिसला. अकरा वर्षांचा मुलगा, डोळे मिटल्यावर मागच्या बाजूला येणारी अल्फा लय डावीकडे लहान, उजवीकडे मोठी. थोडा फरक सगळ्यांतच असतो, पण इथे डावीकडची उंची निम्म्याहून कमी. एरवी तिने आलेख तसाच पाठवला असता. त्या दिवशी तिने टोपी काढली, टेप लावली, आणि टोपी एका बाजूला जवळजवळ दीड सेंटिमीटर फिरलेली निघाली. सुटे इलेक्ट्रोड मोजून लावले. दोन्हीकडची अल्फा सारखी. मला तिने संध्याकाळी फोनवर हे सांगितलं तेव्हा परीक्षेचा विषयही काढला नाही.

पेन्सिलीचं दुसरं काम आकडेमोड. मी कागदाच्या यंत्रावर शिकले. सेकंदाला ३० मिलिमीटर कागद सरकायचा, दहा सेकंदांचं एक पान, वीस मिनिटांच्या तपासणीची १२० पानं. पेनांची शाई उडायची, माझ्या एका साडीवर अजून डाग आहे. त्या काळी मिलिमीटर डोळ्यांना दिसायचे. पडद्यावर ते दिसत नाहीत, पण प्रश्न अजून मिलिमीटरमध्ये येतात. संवेदनशीलता मिलिमीटरला ७ मायक्रोव्होल्ट आणि लाट १४ मिलिमीटर उंच, तर ९८ मायक्रोव्होल्ट. एक लाट १० मिलिमीटर रुंद, तर सेकंदात तीन, म्हणजे ३ हर्ट्झ. लहान मुलांच्या अ‍ॅबसन्स झटक्यातली, म्हणजे मूल क्षणभर हरवल्यासारखं होतं त्या झटक्यातली, टोक आणि लाट ही जोडी साधारण याच गतीने येते. खालच्या फिल्टरचा कालांक, म्हणजे टाइम कॉन्स्टंट, हवा असेल तर ०.१६ ला हर्ट्झने भागा: १ हर्ट्झला ०.१६ सेकंद. आलेखाच्या कागदावर तिने या लाटा हाताने काढल्या. जी लाट आपण पट्टीने मोजून काढली ती पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही.

फिल्टरसाठी मात्र रुग्णच लागले. जबडा आवळून बसलेल्या एका बाईंच्या आलेखावर वरचा फिल्टर ७० वरून १५ हर्ट्झवर आणून दाखवला. स्नायूंची दाट काळी झुडपं गुळगुळीत झाली आणि थेट मेंदूच्या वेगवान बीटा लहरींसारखी दिसायला लागली. "म्हणजे मी साफ करते म्हणून खोटं करते," ती म्हणाली.

जे रत्नागिरीत कधीच दिसत नाही

इथवर प्रश्न खोलीतून आले. पण ही परीक्षा अमेरिकेची, आणि काही प्रश्नांचा रुग्ण तिच्याकडे कधीच येणार नाही. ते वेगळ्या वहीत घ्यायचे असं ठरवलं. त्या वहीच्या पहिल्या पानावर तिने मोठ्या आकड्यात ६० लिहिलं. तिकडची वीज ६० हर्ट्झची. तिकडच्या प्रश्नात साठची लाट म्हणजे लाइनीची गुणगुण, आणि हिचं बोट सवयीने पन्नासवर जायचं.

मेंदूची विद्युत क्रिया पूर्ण थांबली आहे का, हे पाहणारी नोंद तिने कधीच केली नव्हती. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात मेंदूस्तंभाच्या तपासण्या सहा तासांच्या अंतराने दोनदा करायच्या असतात, ईईजीची सक्ती नाही. तिकडे मात्र ईईजीचे नियम काटेकोर आहेत: किमान आठ इलेक्ट्रोड, जोडीतल्या दोघांत किमान १० सेंटिमीटर अंतर, रोध १०० ओहमच्या खाली नको आणि दहा हजारांच्या वर नको, संवेदनशीलता मिलिमीटरला २ मायक्रोव्होल्टपर्यंत नेलेली, किमान ३० मिनिटांची नोंद. हे आकडे पाठ करावेच लागले. पण १०० ओहमची खालची मर्यादा का, हे मी न शिकवता तिनेच सांगितलं: "सॉल्ट ब्रिज. रेघ खोटी सपाट येईल आणि माणूस गेला असं म्हणाल."

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा भाग कच्चाच राहिला. रुग्णालयात नवजात विभाग लहान, ईईजीची मागणी नाही. डेल्टा ब्रश, झोपेतला आलटून पालटून येणारा नमुना, हे तिने चित्रांवरून पाठ केलं आणि मीही जास्त ताणलं नाही.

जोरजोरात श्वास घ्यायला लावण्याची चाचणी ती रोज करायची. मुलांना कागदी भिंगरी द्यायची, तीन मिनिटं फुंकत राहा म्हणायची. कुणाला करायची नाही ही यादी तिला अर्धीच ठाऊक होती. नुकताच पक्षाघात झालेला, मेंदूभोवती रक्तस्राव झालेला, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असलेला, सिकलसेलचा रुग्ण. सिकलसेल तिने आठ वर्षांत पाहिला नव्हता. हृदयविकाराच्या एका म्हाताऱ्या बागाईतदाराला मात्र तिने एकदा तीन मिनिटं फुंकायला लावलं होतं, कारण चिठ्ठीवर तसं लिहिलं होतं. काही झालं नाही. हे सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता.

माझी चूक

ऑगस्टमध्ये एका रविवारी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, रोध किती चालतो?" मी ताडकन सांगितलं, पाच हजार ओहमच्या आत. मी ३४ वर्षं हेच सांगत आले आहे. तिने मोबाइल पुढे केला. तिकडच्या क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी सोसायटीने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत मर्यादा दहा हजारांवर नेली आहे. मी जे टी-३, टी-४ म्हणत होते, ते नव्या नावांत टी-७, टी-८ झालेत. मी तिला तोवर जुनं शिकवत होते.

मला राग आला, अर्थात स्वतःचा. मग आम्ही कामं वाटून घेतली. "का" मी सांगायचं आणि "किती" तिने नव्या सूचनांतून तपासून आणायचं. जुन्या माणसाकडून शिकणाऱ्यांनी हा करार पहिल्याच दिवशी करावा. आम्हाला तो अर्ध्या वाटेवर सुचला.

इंग्रजीचा प्रश्न होताच, ती मराठी शाळेतली. पण शब्द अडत नव्हते. अडायचं ते प्रश्नाचं शेपूट. झटका आला तर तंत्रज्ञाने सर्वांत आधी काय करायचं, असा एक प्रश्न मी तयार केला. तिने "डॉक्टरांना बोलवायचं" निवडलं. खोलीत ती काय करते ते मी पाहिलं होतं: रुग्णाला कुशीवर वळवते, तोंडात काही घालू देत नाही, चप्पल आणि कांदा पुढे करणाऱ्या नातेवाइकाला हाताने मागे सारते, घड्याळाकडे बघते, आणि मग हाक मारते. "आधी" हा शब्द तिने वाचलाच नव्हता. तेव्हापासून नियम केला, पर्याय बघण्याआधी प्रश्न काय विचारतोय ते मराठीत एका वाक्यात मोठ्याने म्हणायचं. परीक्षेत मोठ्याने म्हणता येत नाही, पण तोवर ओठ हलवायची सवय झाली होती.

पेपर

नोव्हेंबरच्या शेवटी मुंबईला जायचं होतं. तिने कोकणकन्येचं तिकीट काढलं होतं, रात्री बसायचं आणि सकाळी उतरून पेपर. मी म्हटलं, स्वतःचीच झोपमोड करून घेतेस? ते रद्द करून तिने आदल्या दिवशीची मांडवी पकडली आणि डोंबिवलीला मावशीकडे राहिली. गाडीत वही उघडायची नाही असं ठरलं होतं. तिने ती उघडली.

पेपराबद्दल तिने मला एक अक्षर सांगितलं नाही. प्रश्न बाहेर सांगणार नाही अशी सही द्यावी लागते, आणि ती सही तिने माझ्याहून गंभीरपणे घेतली. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "एसी फार होता, घाम आला नाही," एवढंच.

पास झाली. आंबे नव्हते, डिसेंबर होता, म्हणून सुरमई आली.

रुग्णालयाने तिचं प्रमाणपत्र चौकटीत घालून स्वागतकक्षात लावलं आहे. लहान मापाची टोपी आली, मोठ्या मापाची अजून यायची आहे. अर्थिंगचा नवा खड्डा खणावा म्हणून तिने दोनदा लेखी दिलं. पुढच्या वर्षीच्या खर्चात धरू असं उत्तर मिळालं. एप्रिल लागल्यापासून ती रोज सकाळी पहिला रुग्ण घेण्याआधी मागे जाऊन खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतते. कुवेतहून अजून काही कळलेलं नाही.